सलाइन स्टँडवरचे टाय

टाय हे औषध आहे, असं आमचे घरमालक म्हणत. माणूस तपासून द्यावं, वेळ बघून द्यावं, आणि एकाला गुण आला म्हणून तेच दुसऱ्याला देऊ नये.

ते औषध कंपनीचे एमआर होते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा त्यांचा पट्टा. डॉक्टरांच्या दाराबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर टिळकवाडीतल्या घराची वरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणे आणि त्यांच्या बायकोला आक्का. मीही तेच म्हणू लागलो.

आप्पांना जाऊन तीन महिने होत आले. लिहायला बसलो की डोळे भरून यावेत अशी माझी अपेक्षा असते, पण दर वेळी हसूच येतं आणि पेन बाजूला ठेवावं लागतं. म्हणून एवढंसं लिहायला एवढा वेळ लागला.

आप्पा घरातही टाय घालत. निवृत्तीनंतर शर्ट सुटला, टाय राहिला. सकाळी सात वाजता खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर बिनबाह्यांचं बनियन आणि बनियनवर गडद निळा टाय अशा वेशात ते जास्वंदीला पाणी घालत. रस्त्याने जाणारा नवा माणूस थबकायचा. "बघतोयस काय? ड्यूटीवर आहे," आप्पा झारी न थांबवता सांगत. शनिवारी बाजारात भाजीलाही ते टाय लावून जात. आक्का त्यांच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून, ओळख नसल्यासारख्या चालत. टायवाल्याबरोबर दिसलं की कोथिंबीर महाग होते, असा त्यांचा अनुभव होता.

आक्का गोकाकजवळच्या खेड्यातल्या. माहेर शेतकऱ्यांचं, घरची भाषा कन्नड. आप्पा मराठीत चिडत, आक्का कन्नडमध्ये चिडत, आणि भांडण मिटलं की दोघं थोडा वेळ हिंदीत बोलत. हिंदी दोघांनाही नीट येत नसे, त्यामुळे लगेच दुसरं भांडण काढणं जमत नसे. टायला आक्का दावं म्हणत, गुरांच्या गळ्यात बांधतात ते. "आधी दावं, मग चहा," हे त्यांचं वाक्य रोज सकाळी जिन्यातून वर ऐकू यायचं.

बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यात, चाकांचा एक सलाइन स्टँड होता. कुठल्याशा डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना आठवण म्हणून दिलेला. वरच्या आकड्यांना आप्पांनी आडव्या काठ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पंचवीस-तीस टाय लोंबत असत. टिळकवाडीतला, कंग्राळीतला, खानापूरकडचा कोणी मुलाखतीला निघाला की त्याला कोणीतरी सांगायचंच, "जाताना आप्पांकडं जाऊन ये रं." तो दारात आला की आप्पा आतून स्टँड ढकलत आणत. चाकं करकरत.

"पेशंट कोण?"

मग तपासणी. पोस्ट कुठली, साहेब कुठल्या गावचा, खोली एसीची का पंख्याची. पंखा असेल तर टायला पिन पाहिजे, "न्हाईतर पहिल्याच प्रश्नाला टाय तोंडावर." मग कंपनीचं जुनं पॅड निघे. त्याच्या माथ्यावर जुलाबाच्या गोळ्यांची जाहिरात होती. खाली आप्पा लिहीत: "निळा, बारीक ठिपके. मुलाखतीपूर्वी अर्धा तास. जेवताना खांद्यावर. डाग पडल्यास थुंकी लावू नये." त्याखाली डॉक्टरांसारखी, कोणालाही न लागणारी सही.

रंगांबद्दल त्यांची मतं पक्की होती. "काळा नको, काळा वकिलाचा. चकचकीत नको, तो नवरदेवाचा. भगवा नको. आणि लाल-पिवळा जोडीनं तर मुळीच नको."

"का वो आप्पा?" एखादा विचारायचा.

"आपण राहतो कुठं? लाल एकटा चालतो, पिवळा एकटा चालतो. दोघं मिळून गळ्यात आले, किंवा नुसता भगवा आला, की साहेब शिक्षण विचारायचं सोडून आडनाव विचारतो. तू नोकरी मागायला चाललायस का मोर्चाला?"

एवढं ते दबक्या आवाजात बोलत. लाल-पिवळ्याविरुद्धचं, म्हणजे कन्नड झेंड्याविरुद्धचं, बोलणं स्वयंपाकघरातल्या आक्कांना खपत नसे. भगव्याविरुद्धचं बोलणं तर आप्पांना स्वतःलाच खपत नसे, म्हणून ते वाक्य ते घाईने उरकत.

गाठ मारताना मात्र आप्पांना कोणी पाहिलं नव्हतं. निवडलेला टाय घेऊन ते आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. "ऑपरेशनला नातेवाइकांना आत घेतात का?" पाच मिनिटांनी बाहेर येत तेव्हा टाय त्यांच्या गळ्यात असे, गाठ साच्यातून काढल्यासारखी. मग अर्धा तास ते तो घालून घरभर हिंडत. गाठ मुरायला पाहिजे. मुरली की फास सैल करून डोक्यावरून काढत आणि पेशंटच्या गळ्यात घालत. मानेला त्यांची ऊब लागायची.

अडचण एकच होती. आप्पा बुटके, पोट मोठं. तो टाय त्यांच्या पोटावरून वळसा घेऊन बरोबर पट्ट्याशी पोचे. मी उंच आणि काटकुळा. माझ्यावर तो बेंबीच्या वर चार बोटं थांबायचा.

"आखूड होतोय, आप्पा."

"बसून बघ."

मी खुर्चीत बसलो. टोक बरोबर पट्ट्यावर टेकलं.

"बघ. बसल्यावर बरोबर येतो. मुलाखत बसून असते."

"आणि आत जाताना?"

"वाकून नमस्कार करत जायचं. संस्कार दिसतात, टाय दिसत न्हाई."

नोकरी लागली की टाय त्या माणसाचा. गाठ जन्मात सोडायची नाही. घरी आल्यावर सैल करून खुंटीला लावायचा, सकाळी डोक्यावरून घालायचा. नोकरी नाही लागली तर टाय परत यायचा. आक्का त्याची गाठ सोडत, रिठ्याच्या पाण्यात धुवत आणि पुढच्या दोरीवर वाळत घालत. दोरीवर टाय दिसला की गल्लीला निकाल कळायचा.

माझे चार टाय त्या दोरीवर वाळले. चौथ्याच्या वेळी समोरच्या घरातल्या आजी मला न विचारताच खोबऱ्याची वडी देऊन गेल्या.

आप्पांचं नाव मी त्यांना भेटण्याआधीच ऐकलं होतं, निपाणीत. माझं गाव निपाणीजवळ. तिथल्या एका रसवंतीचा मालक प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगायचा. एका उन्हाळ्यात आप्पा दुपारी रस प्यायला थांबले आणि बर्फ घालू नको हे सांगायला चरकावर वाकले. टाय उसाच्या दांडक्याबरोबर आत गेला. आप्पांचं नाक चरकाच्या घुंगरांपर्यंत पोचलं.

"मी कोयता उचलला," रसवाला सांगायचा. "सायेब वरडत्यात, 'कोयता नको, चाक उलटं फिरव!' म्हटलं सायेब, चाक उलटं फिरवंस्तवर तुमचा रस निघंल. आन् दिला घाव. निम्मा टाय पल्याडनं चिपाडासंगं भाईर आला, झाक पिळून. त्या गलासाचा रंग निळसर आल्ता. पर पिऊन टाकला सायबांनी. औषध हाय म्हणाले."

गोष्टीचा शेवट मात्र रसवाल्यालाही कळला नव्हता. आप्पांच्या बॅगेत दुसरा, कोरा टाय होता. त्याने स्वतः पाहिला होता. तरी आप्पांनी तो लावला नाही. दुपारचे चार डॉक्टर तसेच सोडले, अर्धा टाय खिशात घातला, बसने बेळगावला गेले आणि दुसऱ्या दिवशी नवा टाय घालून परत आले. पुढे मी आप्पांना विचारलं, "बॅगेत टाय असताना तुम्ही बेळगावपर्यंत का गेलात?"

"धक्का बसला होता रं," आप्पा म्हणाले. "हात थरथरत होते." आणि आक्कांनी स्वयंपाकघरात कसलंतरी भांडं उगीचच जोरात आपटलं.

पाचवी मुलाखत आली तेव्हा माझे सगळे दोर कापले गेले होते. निपाणीत मामांनी एका तंबाखूच्या वखारीत माझ्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी पोती मोजायची. "ह्या टायमाला न्हाय जमलं तर गुमान वखारीत ये," मामा फोनवर म्हणाले. "लोकं हसाय लागल्यात. मी किती दिस जागा अडवून धरू?" मला पुस्तकांशिवाय काही येत नव्हतं. तंबाखूच्या नुसत्या वासाने मला शिंका सुरू होत. मुलाखत बेळगावातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात होती, सहायक ग्रंथपालाच्या जागेसाठी. तिथे शिपाई सोडून सगळ्यांना टाय सक्तीचा होता.

आप्पांनी तीन दिवस आधीच बोलावलं. "तुझी केस चिघळलेली आहे. मुरायला जास्त वेळ देऊ." गडद निळा टाय निवडला, आत गेले, दार लावलं, गाठ मारून आले आणि या वेळी अर्ध्या तासाऐवजी संध्याकाळपर्यंत तो घालून बसले. दुसऱ्या दिवशी आक्का माहेरी जत्रेला गेल्या. तेव्हापासून आप्पा रोज एकच टाय घालत होते, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आई गावाकडून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आलो तर खोलीत उदबत्तीचा वास. पाटावर माझी फाइल, पेन, बूट आणि टाय नीट मांडून ठेवलेले आणि त्यांच्यापुढे आई हात जोडून बसलेली. फाइलवर हळद-कुंकू होतं. बुटांवर होतं. आणि निळ्या टायच्या बरोबर मध्यावर, दोन बोटांनी ओढलेली ओली पिवळीजर्द हळद आणि तिच्यावर रुपयाएवढं लालभडक कुंकू.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? पूजा केली. खंडेनवमीला मामा तराजूला लावतोय, आमी कोयत्याला लावतो. तुझं हत्यार ह्येच न्हव?"

मी टाय उचलला. माझा चेहरा पाहून आईने पदर ओला करून पुसायला घेतलं. रुपयाचा तळहात झाला.

आम्ही दोघं खाली पळालो. आप्पा बनियन-टायमध्ये जास्वंदीपाशी होते. त्यांनी टायकडे पाहिलं आणि झारी खाली ठेवली.

"लाल आणि पिवळा!" ते म्हणाले. "ताई, दुनियेतले सगळे रंग सोडून हे दोनच सापडले?"

"आता हळद पिवळीच असती की वो आप्पा. निळी हळद कुठनं आणू?"

"आप्पा, दुसरा बांधून द्या," मी म्हणालो. सव्वानऊ झाले होते. मुलाखत अकराला.

आप्पा स्टँडकडे बघत राहिले. "ऐन वेळी डोस बदलणं बरं न्हवे."

"आप्पा!"

त्यांनी एक करडा टाय ओढला, आत गेले आणि दार लावलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं, मध्येच "आता कुठनं?" असं काहीतरी, मग काहीतरी पडल्याचा आवाज. आई माझ्या कानाशी आली. "टायच हाय नव्हं आत? का बाळंतपण हाय?"

पंधरा मिनिटांनी दार उघडलं. आप्पा घामाने निथळत होते. टाय हातात, सुटा. "आरसा बिघडलाय," ते म्हणाले.

मग मी मोबाइलवर गाठ मारायचा व्हिडिओ लावला. आप्पा माझ्यामागे स्टुलावर चढले, दोन्ही हात माझ्या खांद्यांवरून पुढे आणले आणि माझ्या कानामागून मोबाइलकडे बघत काम सुरू केलं. व्हिडिओतल्या माणसाचा उजवा हात आमच्या डाव्या बाजूला होता. आप्पांचा उजवा हात तर कुठल्याच बाजूला राहिला नाही. ऐन वळशाला व्हिडिओ अडकला आणि गोल फिरू लागला. आप्पाही तसेच हात वर धरून, श्वास रोखून थांबले. शेवटी जी गाठ झाली ती लिंबाएवढी होती. रुंद टोक कॉलरशी, बारीक टोक मांडीपर्यंत आणि आप्पांची तर्जनी आत.

"मी बांधू का?" आई म्हणाली. "शेळीला बांधतो तसं?"

"न्हाई!" आप्पा एकदम ओरडले. "हे बायकांचं काम न्हवे!" आणि लगेच आपल्या अडकलेल्या बोटाकडे बघू लागले.

आईने त्यांचं बोट सोडवलं. मग आप्पांनी तो हळद-कुंकवाचाच टाय उचलला, माझ्या गळ्यात घातला आणि गाठ वर सरकवली.

"हाच घालून जा," ते म्हणाले. "बदलायचा न्हाई. मी सांगतोय." पॅड काढून लिहून दिलं: "फाइल छातीशी धरावी. खाली ठेवू नये."

मी फाइल छातीशी धरून, वाकून नमस्कार करत आत गेलो. समोर तिघं होते. मध्ये प्राचार्य, एका बाजूला संस्थेचे वयस्क विश्वस्त, दुसऱ्या बाजूला संगणक विभागाच्या एक बाई. मी बसलो. टाय बरोबर आला.

"फाइल द्या," प्राचार्य म्हणाले.

मी दिली.

पुढचा क्षणभर तिघंही माझ्या चेहऱ्याच्या एक वीत खाली बघत होते. आता आडनाव विचारणार, मी मनाशी म्हटलं. नाकात तंबाखूचा वास आला, खरोखर. मला शिंक आली.

"इदु एनु?" बाईंनी टायकडे बोट केलं. हे काय?

माझं कन्नड बाजारापुरतं. त्यात मराठी आणि थोडं इंग्रजी मिसळून मी सगळं सांगितलं. आई, पाट, उदबत्ती, हत्यार. बुटांवरही आहे, हेही सांगून टाकलं. प्राचार्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

बाई हसायला लागल्या. "माझ्या अव्वानं, आईनं, माझ्या नव्या लॅपटॉपची पूजा केली होती," त्या माझ्यासाठी मराठीत म्हणाल्या. "हळद-कुंकू, वर अक्षता. एक दाणा आत गेला. महिनाभर एकच अक्षर दोनदा उमटायचं." विश्वस्तही गालात हसले. त्यांच्या नातवाच्या बाइकवर लिंबू होतं म्हणे, तेच पाहून पोलिसाने चोरीला गेलेली बाइक ओळखली. मग बाईंनी चष्मा सारखा केला. "बरं, सांगा. उद्या खंडेनवमीला मुलं तुमच्या ग्रंथालयात हळद-कुंकू घेऊन आली, तर काय कराल?"

चार मुलाखतींत मला कोणी असं काही विचारलं नव्हतं.

"कपाटाला लावा म्हणेन," मी म्हणालो. "लोखंडी कपाट पुसता येतं. पुस्तकाला लावू देणार नाही. कुंकवाचं पाणी कागदात उतरतं, आणि अक्षता राहिल्या तर मागून किडे येतात. पण एखाद्याने ऐकलंच नाही, तर मोडकं, रद्दीत निघालेलं एक पुस्तक त्या दिवसासाठी बाजूला काढून ठेवीन. त्याला लावा. पूजा झाली पाहिजे, पुस्तकंही राहिली पाहिजेत."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी वाकून नमस्कार करत, पाठ न वळवता, बाहेर आलो. वाटेत दारावर आपटलो.

पाचव्या दिवशी फोन आला. आई खोलीत एकटीच हसत बसली. मामांनी "बरं झालं, पोती तरी वाचली" असं म्हणून फोन ठेवला. आक्का जत्रेहून परतल्या होत्या. त्यांनी आधी दोरीकडे पाहिलं, दोरी रिकामी होती. मग माझ्या हातावर जत्रेतले चुरमुरे ठेवले. आप्पा मात्र शास्त्रशुद्ध राहिले. "हळद-कुंकू हा साइड इफेक्ट," ते म्हणाले. "गुण टायचाच."

याला नऊ वर्षं झाली. मी रोज तोच टाय डोक्यावरून घालून कॉलेजला जातो. कुंकू विटून गेलं, हळदीचा डाग आहे. दर खंडेनवमीला मुलं येतात आणि मी रद्दीतलं पुस्तक पुढे करतो.

आप्पा गेले ते सकाळी, जास्वंदीपाशी. आक्का चहा गाळत होत्या. दावं झालं होतं.

तेराव्याच्या जेवणाला आम्ही सतरा जण टाय लावून गेलो. आपोआप घडलं असं सांगायला बरं वाटलं असतं, पण फोन मीच केले होते. एक तहसील कचेरीतला, दोन बँकेतले, एक विमानतळावरचा, कंग्राळीचा एक शोरूममध्ये गाड्या विकणारा. अंगणात उभे होतो तेव्हा सगळ्यांचे टाय बेंबीच्या वर थांबलेले. शेजारच्या आजी आमच्याकडे बघून म्हणाल्या, "एवढे शिकले, पण कापडाला कमी पडले." मग पंगत बसली, आणि बसल्याबरोबर सतराही टाय बरोबर पट्ट्यावर आले. सार वाढायला आक्का आल्या. पळी पहिल्या पानावर वाकताच सतराही हात वर गेले आणि सतरा टाय एकदम डाव्या खांद्यावर पडले.

आक्का थांबल्या. पळी हातात तशीच. आधी वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, पळीतलं सार हिंदकळेपर्यंत हसत होत्या.

"ह्या गाठी कोणी बांधल्या रे?" त्यांनी विचारलं.

"आप्पांनी," आम्ही शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणालो.

"आप्पांनी!" त्यांनी पळी ठेवली, कोपऱ्यातला स्टँड करकरत ओढला, वरून एक टाय घेतला आणि स्टँडच्या दांड्याला बांधला. तीन वळसे, एक ओढ. साच्यातून काढल्यासारखी गाठ.

"माहेरी बारा जनावरं होती. वासरं मीच बांधायची. लग्न झालं, कंपनीतला एक साहेब घरी येऊन गाठ शिकवून गेला. शिकले हे, आली मला." आक्कांनी दांड्यावरचा टाय सारखा केला. "त्यानंतर रोज. आधी दावं, मग चहा."

"आणि तुम्ही कधी सांगितलं न्हाई?" तहसीलवाला म्हणाला.

"ते तरी 'मी बांधलं' असं कधी म्हणाले? आत जाऊन येतो म्हणायचे. मधल्या दारानं स्वयंपाकघरात माझ्याकडं येत होते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या आईनं हळद लावली त्या दिवशी आतल्या खोलीतनं मला फोन केला होता. फोनवर गाठ शिकत होते. इकडं जत्रेत ढोल वाजतोय, तिकडं हे रडकुंडीला आलेत, 'पोराची वखार होईल गं' म्हणून. शेवटी मी म्हटलं, साकु. पुरे. आईनं देवाचं लावलंय त्याला. तेच घालून पाठवा, बदलायचं न्हाई."

मला ते दार आठवलं. "आता कुठनं?" आठवलं. पॅडवरची सही आठवली, त्या दिवशी जरा वाकडी आलेली.

जेवणं झाली. माणसं हात धुऊन अंगणात आली आणि टाय पुन्हा वर चढले. मी निघतो असं आक्कांना सांगायला आत गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या टायचं टोक उचललं आणि हळदीच्या डागावरून अंगठा फिरवला.

"त्यांच्या गळ्याचं माप हे," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं आखूड घालून हिंडतोस. ये, सोडून नीट बांधते."

त्यांची बोटं गाठीशी आली. गाठ सैल होऊ लागल्याचं मला मानेवर कळलं. मी त्यांचा हात धरला.

"राहू दे, आक्का."

"आखूड दिसतंय की रे उभारल्यावर."

शेजारी स्टूल होतं, आप्पा चढले होते तेच. "बसल्यावर बरोबर येतो," मी म्हणालो, आणि बसलो.